पुठ्ठ्याची खरखरीत बाजू

मी एक जुना पुठ्ठा आहे. मित्रांनो, एवढं ऐकून लगेच तोंड फिरवू नका. खोक्याचा पुठ्ठा मी नव्हे. माझ्या डोक्यावर लोखंडी चिमटा आहे, त्यात कागद अडकवून लिहितात. परीक्षेला जाताना तुम्ही मला बगलेत मारून नेता आणि पेपर अवघड गेला की घरी येऊन मलाच कोपऱ्यात आपटता. दुकानात मला पॅड म्हणतात, पण मी राहतो त्या घरात सगळे पुठ्ठाच म्हणतात. आता माझा एक कोपरा ओल लागून फुगला आहे आणि चिमट्याला गंज चढला आहे. तरी मी अजून कामावर आहे, आणि माझी हकीकत सांगायला माझा आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म वापीकडच्या एका कारखान्यात झाला. लाकडाचा भुगा भिजवून तारेच्या जाळीवर पसरतात आणि वरून तापलेला पोलादी पत्रा दाबतात. पत्र्याकडची बाजू गुळगुळीत होते, जाळीकडची खरखरीत राहते. गुळगुळीत ते माझं पोट आणि खरखरीत ती पाठ. पोटावर कागद ठेवून लिहायचं आणि पाठ मांडीला टेकवायची, एवढंच आम्हा पुठ्ठ्यांचं काम असतं. पाठीला कोणी काही विचारत नाही. मलाही वाटायचं, आपल्या पाठीचा काय उपयोग?

तिथून मी डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात आलो आणि खिळ्याला लटकलो. माझ्या शेजारी कार्टूनवाले पुठ्ठे होते, बॅटबॉलवाले होते. जून महिन्यात मुलं आली आणि त्यांना घेऊन गेली. मी साधा, तपकिरी. माझ्यावर साधं फूलसुद्धा नव्हतं. जुलै गेला तरी मी आपला लटकलेलाच. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

ते वर्ष २०१४. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला पालघर हा नवा जिल्हा झाला, आणि त्याच आठवड्यात एक मुलगी दुकानात आली. खांद्याला कापडी पिशवी, चपलांना लाल चिखल. ती होती आशागडची योगिता. तिची आई चिकूच्या वाडीत मजुरीला जायची, आणि योगिता नुकतीच कॉलेज संपवून बाहेर पडली होती.

"बेन, छोकरा कितवीला?" दुकानाच्या गुजराती शेटनी विचारलं.

"छोकरा नाय हो. मी पत्रकार आहे," योगिता म्हणाली. हे बोलताना तिचे कान लाल झाले होते, कारण पत्रकार होऊन तिला तीनच दिवस झाले होते.

शेटनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "मग तर मजबूत पायजे. आ लई जा. तुटणार नाय."

अशी माझी नेमणूक झाली. योगिता 'सूर्याकाठ' नावाच्या साप्ताहिकात काम करू लागली होती. संपादक, मालक, टाइप करणारे आणि अंकाचे गठ्ठे बांधणारे असे सगळे मिळून एकच गृहस्थ होते, ते म्हणजे देवजीकाका. त्यांनीच तिला सांगितलं होतं, "आपल्याला कोणी टेबल देणार नाही. बाजारात उभं राहून लिहायचंय. पुठ्ठा घे एक." योगिता दिवसभर हिंडून माझ्यावर बातमी लिहायची, फोनने त्या कागदाचा फोटो काढून काकांना पाठवायची, आणि काका ती कॉम्प्युटरवर उतरवायचे.

मित्रांनो, माझ्याइतका हिंडलेला पुठ्ठा तुम्ही पाहिला नसेल! वरोरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांच्या घोळक्यात मी होतो. चिखले गावच्या चिकूवाड्यांमधून गेलो. तलासरीच्या बाजारात एका म्हाताऱ्याने योगिताला विचारलं होतं, "जिल्हा नवा झाला म्हणतेस, मग कचेरी किती जवळ सरकली?" तो प्रश्न तिने जसाच्या तसा लिहिला आणि अंकात तोच मथळा झाला. पाऊस आला की ती मला डोक्यावर धरायची, ऊन लागलं की वारा घालायची, आणि जीपमध्ये जागा नसली की मलाच खाली ठेवून माझ्यावर बसायची. माझी तक्रार नव्हती. उपयोगी पडण्यात केवढं सुख असतं, हे खिळ्याला लटकून राहिलेल्याला विचारा.

पेनाची चाल मला पोटावर कळते. बातमी लिहिताना योगिताचा पेन सावकाश, नीट पावलं टाकत जायचा. नाव विचारलं, लिहिलं. पुन्हा विचारलं, खात्री केली, पुढे गेला. मधेच थांबून ती समोरच्या माणसाला वाचून दाखवायची आणि म्हणायची, "असंच बोललात ना?" समोरचा नाही म्हणाला तर खोडायची. अशा खाडाखोडीचा मला अभिमान वाटायचा.

मग एके दिवशी माझ्या पाठीचं नशीब उघडलं. वरोरहून परतायला जीप मिळेना. बातमी लिहून झाली होती, पोटावर कागद भरला होता. योगिताने कंटाळून मला उलटं केलं, केसांचं रबर काढून माझ्यावर आडवं चढवलं, त्याच्याखाली एक कोरा कागद सरकवला आणि लिहिलं, 'एका बोंबलाला डोंगर बघायचा होता.'

मला हसूच फुटलं. माझ्या खरखरीत पाठीवरून पेन उड्या मारत चालला होता. अक्षरं वेडीवाकडी येत होती आणि योगिता स्वतःशीच हसत होती. जीप येईपर्यंत तो बोंबील दोरीवरून उतरून आशागडपर्यंत पोचलासुद्धा.

तेव्हापासून नियम ठरला. पोटावर घडलेलं, पाठीवर मनातलं. बातमी गुळगुळीत बाजूला, गोष्ट खरखरीत बाजूला. घरी गेल्यावर ती शेजारपाजारच्या पोरांना गोळा करून गोष्ट वाचायची आणि पोरं माझ्याभोवती लोळण घ्यायची. चार वर्षांत माझ्या पाठीवर तिने चाळीसएक गोष्टी लिहिल्या. कुठे छापून आल्या नव्हत्या, पण त्यांचं पुस्तक व्हावं, हे तिचं स्वप्न होतं. ती कोणाला सांगायची नाही. मला ठाऊक होतं.

देवजीकाकांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, बातमी लिहिणाऱ्याने गोष्टी लिहू नयेत. हात बिघडतो."

"काका, तुम्ही पण आधी पेंटर होतात ना?" योगिता म्हणाली.

"होतो. म्हणून तर सांगतोय."

काका तरुणपणी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, शाळांच्या भिंतींवर चित्रं काढायचे. डहाणूत त्यांच्या हाताच्या अक्षराला तोड नव्हती म्हणे. पण एकदा त्यांनी एका डेअरीची पाटी रंगवली, 'येथे शुद्ध दूध मिळेल', शेजारी हसरी गाय काढली, आणि त्या दुधात पाणी असतं हे साऱ्या गावाला माहीत होतं. ती गाय काकांच्या मनाला लागली. पुढे साप्ताहिक काढलं तेव्हा त्यांनी ब्रश माळ्यावर टाकला तो टाकलाच. रंगात हात घातला की खोटेपणा चिकटतो, असं त्यांचं मत झालं होतं. योगिता मात्र ऐकणारी नव्हती, आणि माझी पाठ तिच्या बाजूने होती.

मित्रांनो, आता माझ्या परीक्षेकडे येतो. २०१८ चा नोव्हेंबर. मी आशागडच्या घरात भिंतीला टांगलेला होतो. अचानक माझा चिमटा आपोआप टकटकायला लागला. मांडणीवरची भांडी वाजली, योगिताची आई "पळा" म्हणून ओरडली. जमीन हलली होती. आणि ती एकदाच हलून थांबली नाही. डहाणू-तलासरीच्या गावांना पुढे कित्येक महिने लहानमोठे धक्के बसत राहिले. लोक घरात पाय ठेवायला घाबरू लागले. अंगणात, झाडाखाली, शेतात संसार मांडले गेले. कुठे ताडपत्र्या आल्या, कुठे तंबू आले. योगिता रोज एका पाड्यावर जायची आणि मी रोज तिच्या हातात.

डिसेंबरच्या सुरुवातीला आम्ही तलासरीकडच्या आंबेपाड्यात गेलो. तिथे भिकीआजी एकटी राहायची. कुडाचं, मातीने लिंपलेलं घर. आत शेणाने सारवलेली भाताची कणगी, तिच्यात वर्षाचं भात आणि एका मडक्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, बियाणं. भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती.

"आजी, इथे एकटी राहतेस? भीती वाटत नाही?" योगिताने विचारलं.

"वाटते गं. लेक बोलवते, ये म्हनते माझ्याकडं. पन कनगी टाकून कठं जाव? बी हाय त्यात." आजीने कणगीवर हात फिरवला. "बघू."

हे सगळं योगिताने लिहून घेतलं, वाचून दाखवलं, आजीने मान डोलावली. इथपर्यंत सगळं ठीक होतं.

परतीच्या जीपमध्ये योगिता बातमी पुरी करायला बसली. शेवट जमत नव्हता. तिने दोनदा खोडलं. मग खिडकीतून बाहेर बघत बसली आणि एकदम भराभर लिहू लागली, 'अखेर भिकीबाईने कणगीला एकदा कवटाळलं, दाराला कडी घातली, आणि मागे वळून न बघता ती लेकीच्या गावाची वाट चालू लागली.'

माझ्या पोटावर पेन उड्या मारत होता! ती चाल मी ओळखली. ती पाठीवरची चाल होती. आजी कुठे गेली होती? ती तर 'बघू' म्हणाली होती. योगिता, मला उलटा कर, हे वाक्य मागच्या बाजूचं आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण आम्हा पुठ्ठ्यांना तोंड नसतं. चिमटा आहे, तोही कोणी दाबल्याशिवाय उघडत नाही. माझ्या डोळ्यांदेखत फोटो निघाला आणि बातमी गेली.

अंक आला. लोकांनी बातमी डोक्यावर घेतली. कोणी म्हणालं, वाचताना डोळ्यात पाणी आलं. एरवी खुसपट काढणारे देवजीकाकासुद्धा म्हणाले, "शेवट काय उतरलाय गं! वा." योगिता हवेत होती. आणि मी, मित्रांनो, मी मनातून धास्तावलो होतो.

दोन आठवड्यांनी आम्ही पुन्हा आंबेपाड्यात गेलो. प्रत्येक अंगणात ताडपत्रीचा तंबू उभा होता. फक्त भिकीआजीच्या अंगणात नव्हता. आंब्याच्या दोन फांद्यांना जुनं लुगडं बांधून त्याच्याखाली ती बसली होती. थंडी कडाक्याची होती, लुगडं दवाने ओलं झालेलं. आजी खोकत होती. कणगी तिने शेजाऱ्यांच्या मदतीने बाहेर आणून शेजारी ठेवली होती, आणि स्वतःची गोधडी कणगीवर पांघरली होती.

योगिता धावतच गेली. "आजी, तुला ताडपत्री नाही मिळाली?"

शेजारची शुक्री पुढे आली. "कशी मिळंल? ताडपत्र्यांची यादी करणारा आला तेव्हा आजी लाकडांना गेलेली. दार बंद. त्याच्या हातात तुमचा पेपर होता. म्हने, ही म्हातारी लेकीकडं गेली, पेपरात आलंय. आम्ही सांगितला, अठंच हाय, तरी त्यानं नाव काटला. म्हने, छापून आलंय ते खोटं असंल काय?"

योगिताच्या हातून मी खाली पडलो. फुगलेला कोपरा म्हणालो ना, त्याची सुरुवात दवाने भिजलेल्या त्या अंगणात झाली.

भिकीआजी रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. तिने फक्त योगिताच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "पोरी, मी कवा गेले गं?"

योगिताला रडू कोसळलं. "नाही गेलीस, आजी. मी मनानेच लिहिलं. माझं चुकलं."

पण रडत बसण्यात तिने वेळ घालवला नाही. अंगावरची शाल काढून तिने आजीला गुंडाळली, मला उचललं आणि तडक तलासरीची कचेरी गाठली. यादी करणारा माणूस भला होता. त्याने अंकच काढून तिच्यापुढे ठेवला. "ताई, हे बघा, पेपरात आलंय."

"पेपरात मीच लिहिलं होतं," योगिता म्हणाली. "ते घडलेलं नाही. आजी तिथेच आहे, लुगड्याखाली बसली आहे. पाहिजे तर आत्ता माझ्यासोबत चला."

तो आला. दुसऱ्या दिवशी दुपारी आजीच्या अंगणात ताडपत्री लागली, पाड्यातल्या सगळ्यांनी मिळून बांबू रोवले आणि कणगीसकट आजी आत गेली.

मग योगिता काकांपुढे उभी राहिली. म्हणाली, चूक छापायची. काका दचकले. "छापू. आतल्या पानावर लहान चौकट देऊ. वीस वर्षं लागली गं ह्या अंकाला नाव कमवायला."

"बातमी पहिल्या पानावर होती. चूकही तिथेच यायला पाहिजे."

काकांनी तो अंक पुढे ओढून शेवट पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मीच म्हणालो होतो, शेवट छान उतरलाय. तिथेच माझं चुकलं. विचारायला हवं होतं, हे तुला कोणी सांगितलं." पहिल्या पानावर ठळक चौकट आली, 'भिकीबाई लेकीकडे गेल्या नव्हत्या. त्या आंबेपाड्यातच आहेत. ते वाक्य माझ्या मनातलं होतं. त्यामुळे त्यांना उघड्यावर राहावं लागलं. मी त्यांची माफी मागते.' खाली योगिताचं नाव.

तुम्हाला वाटेल, झालं, संपलं. नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर योगिताने माझ्यावरचं रबर काढलं. पाठीवरचा अर्धवट गोष्टीचा कागद, त्यात त्याच पहिल्या बोंबलाची नवी सफर होती आणि तो डोंगराच्या पायथ्याशी पोचला होता, तो घडी करून डब्यात टाकला. "काका बरोबर म्हणत होते. हात बिघडतो," ती आईला म्हणाली. चाळीस गोष्टींचा गठ्ठाही त्याच डब्यात गेला आणि झाकण लागलं.

माझे वाईट दिवस सुरू झाले. काम होतं, रोजचं होतं, पण पाठ सुकी पडली. चहाच्या टपरीवर लोक योगिताला टोमणे मारायचे, "काय मॅडम, आजचं खरं का मनातलं?" ती मान खाली घालून लिहायची. बातमी चोख असायची, नावं चारचारदा तपासलेली. पण लिहिताना हसणं बंद झालं होतं. संध्याकाळी पोरं दारात यायची आणि बघून परत जायची. मला सारखं वाटायचं, चूक एका वाक्याची, मग शिक्षा चाळीस गोष्टींना कशाला?

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही पुन्हा आंबेपाड्यात गेलो. शाळेच्या भिंतींचा भरवसा नव्हता, म्हणून प्रगतीमॅडम मुलांना आंब्याखाली बसवून शिकवत होत्या. योगिता बातमीसाठी माहिती घेत होती. मुलं गुमसुम होती. झाडावरून पान पडलं तरी दचकत होती.

"ताई, तुम्ही गोष्टी लिहिता ना? सांगा की एखादी. बिचारी हसायची विसरलीत," प्रगतीमॅडम म्हणाल्या.

"मी आता गोष्टी सांगत नाही," योगिता म्हणाली.

भिकीआजी बाजूलाच नागली पाखडत बसली होती. तिने सूप खाली ठेवलं. "का गं? तवा तं माना न सांगता लेकीकडं धाडलास. आता पोरांना सांगून धाड!"

मुलं खुदकन हसली. योगिता ओशाळली.

"लाजू नको, खरा बोलते," आजी म्हणाली. "माझी आई पन गोष्ट सांगायची. पन आधी म्हनायची, ही गोष्ट हाय हां. मंग आम्ही ऐकायचू. तू तेवढाच विसरलीस. दुसरा काय?"

योगिताने आजीकडे बघितलं, मग मुलांकडे. माझा जीव चिमट्याशी आला होता. मग तिने केसांचं रबर काढलं. मला उलटं केलं, रबर चढवलं, आणि माझी पाठ मुलांपुढे धरून म्हणाली, "हे बघा. ही खरखरीत बाजू दिसली की समजायचं, हे मनातलं आहे. घडलेलं नाही. चालेल?"

"चालंल!" मुलं ओरडली.

आणि अर्धवट राहिलेला बोंबील डोंगर चढू लागला. जमीन का हलते ते विचारायला तो निघाला होता. वाटेत त्याला पाय फुटलेली एक कणगी भेटली. कणगीवर एक आजी बसली होती आणि लेकीच्या गावाला निघाली होती. पण कणगीला रस्ता माहीत नव्हता, ती वाटेल त्या वळणाला वळत होती. मुलं पुढे सरकत सरकत योगिताच्या पायाशी आली. तेवढ्यात जमिनीतून हलकीशी घरघर आली. लहानसा धक्का. माझा चिमटा टकटकला. मुलांचे चेहरे पांढरे पडले.

पुढे बसलेली धाकली नावाची चिमुरडी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ताई, पुठ्ठ्याचे दात वाजतान! त्याला पन भेव वाटला!"

आणि सगळी मुलं हसत सुटली. प्रगतीमॅडम हसल्या, आजी हसली, योगिता तर डोळे पुसत हसली. मला दात नाहीत, आणि मी घाबरलोही नव्हतो, पण म्हटलं जाऊ दे. जमीन हलत असताना ती मुलं हसली, ते माझ्यामुळे. आयुष्यात ह्याहून मोठी शाबासकी मला मिळालेली नाही.

योगिताने घडलेलं सगळं काकांना सांगितलं आणि ती गोष्ट त्यांच्यापुढे ठेवली. काकांनी ती उभ्यानेच वाचली. मग मला जवळ ओढलं. माझ्या पाठीवर एक पातळ कागद ठेवला, शिसपेन्सिल आडवी धरली आणि हलक्या हाताने कागदावर घासली. कागदावर बारीक चौकटी उमटल्या, अगदी लिंपलेल्या कुडासारख्या. त्याला त्यांनी चार रेघांचं छप्पर दिलं, एक दार काढलं, आणि दारात आजी. बघता बघता भिकीआजीचं घर तयार झालं!

"काका!" योगिता एवढंच म्हणाली.

"पाटीवर खोटं लिहिलं ते मी लिहिलं. ब्रशची काय चूक होती?" काका पुटपुटले. "उगाच वीस वर्षं माळ्यावर टाकला बिचाऱ्याला." पावसाळाभर ते चित्रं काढत राहिले, आणि प्रत्येक घराची भिंत त्यांनी माझ्याच पाठीवर घासून घेतली.

भातकापणी झाल्यावर, २०१९ च्या डिसेंबरात, सोळा पानांचं पुस्तक झालं, 'कणगीवरची आजी'. गोष्ट योगिताची, चित्रं देवजीकाकांची. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात छापलं होतं, 'ही गोष्ट आहे हां!' पुस्तकाची पहिली प्रत घेऊन आम्ही तिघं आंबेपाड्यात गेलो. आजीचं घर पाड्याने मिळून नव्याने लिंपलं होतं आणि कणगी पुन्हा आत गेली होती, काठोकाठ भरून.

आजीला वाचता येत नव्हतं. योगिताने सगळं पुस्तक वाचून दाखवलं. शेवटी कणगी आजीला लेकीच्या गावाला नेऊन, दोन दिवस पाहुणचार घेऊन परत घरी आणते. ऐकून झाल्यावर आजीने चित्रातल्या भिंतीवर बोट फिरवलं. मग योगिताकडे बघून म्हणाली, "ह्याच्यात मी गेले तरी चालंल. कठं पन धाड. पन बातमीत माना अठंच ठेव."

"ठेवीन, आजी," योगिता म्हणाली. आणि लगेच तिने मला सुलटा केला, चिमट्यात कागद अडकवला आणि पाड्यातल्या नव्या घरांची बातमी लिहायला घेतली. पेन सावकाश, नीट पावलं टाकत चालला होता.

मित्रांनो, अशी ही माझी हकीकत. ज्या पाठीचा काही उपयोग नाही असं मला वाटायचं, ती आता पुस्तकातल्या प्रत्येक घराची भिंत होऊन उभी आहे. मी म्हातारा झालो. आणखी एखाददोन पावसाळे काढीन, मग माझे पापुद्रे सुटतील. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी कपाटामागे पडला असेल तर त्याला पुसून बाहेर काढा, पावसात भिजू देऊ नका आणि पेपर अवघड गेला म्हणून आपटू नका. त्याच्या पोटावर बघितलेलं, विचारलेलं, खरं ते लिहा. त्याच्या पाठीवर मनात येईल ते लिहा, कणग्यांना पाय फुटू द्या, बोंबलांना डोंगर चढू द्या. कुठलीही बाजू कोरी ठेवू नका. फक्त पेन टेकवण्याआधी एकदा खाली बघा, वर कुठली बाजू आहे. मला तोंड नाही, तेवढं तुम्हालाच बघावं लागेल.